मोबाइलचे वेड ओळखावे कसे?

मोबाइल किती तास पाहिला, एवढ्यावरून व्यसन ओळखता येत नाही. रिक्षा चालविणारा, घरोघर पार्सल पोहोचविणारा आपला भाऊ दिवसभर मोबाइल हाताळतो तो पोटासाठी. शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी त्यावर तासभर बसते ती गरजेपोटी. त्यांना नावे ठेवू नयेत.

पाहावयाचे ते वेगळेच. पाच मिनिटे म्हणून उघडलेल्या रील्समध्ये रात्रीचा एक वाजतो काय? मोबाइल काढून घेताच पोरगा ताटावरून उठतो काय? किती वेळ पाहिला ते लपवितो, कमी करायचे ठरवूनही त्याला ते जमत नाही, मैदानात जाणे सुटले, असे आहे काय? हे महिनोन् महिने चालले आणि झोप व अभ्यास बिघडला, की समजून जावे. आम्ही पोराचे म्हणतो खरे, पण दुसऱ्या पाळीवरून येऊन अंथरुणात मोबाइल उघडणाऱ्या वडिलांनीही हेच स्वतःला विचारावे.

पोराला वळण नाही म्हणून त्याला झोडपणारे पालक आम्ही पाहतो. त्यांनी एक जाणून घ्यावे. वर्तमानपत्राला शेवटचे पान असते, रील्सना शेवटच नसतो. आणि तो मुद्दाम ठेवलेला नाही. बोट सरकवीत राहावे आणि पडदा कधी संपू नये, ही रचना २००६ साली आझा रास्किन या अमेरिकन तंत्रज्ञाने केली. पुढे त्याने स्वतःच तिच्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. दहा नीरस चित्रफितींनंतर एखादी मजेदार निघते. मटका लावणाराही अशाच आशेवर रोज जातो. तिथे मार खाऊन पोर काय शिकणार?

आणखी एक. काही वेळा दुःख आधी असते, मोबाइल नंतर येतो. शाळेत कोणी हिणवले, नापास झाला, घरात रोज भांडण. अशी मुले पडद्याआड लपतात. म्हणून हिसकावण्याआधी जवळ बसून विचारावे.

एका खोलीच्या घरात दार लावून शिस्त होत नाही. तेव्हा रात्री दहाला सगळ्यांचेच मोबाइल, आईबापांचेही, फळीवर चार्जिंगला लावावेत. पहिले आठ दिवस कुरकुर होईल. त्यानेही भागले नाही, मूल उदास राहू लागले, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक फिरवावा. तो मोफत आहे, मराठीतून बोलता येते.