गादी आवडली, शेअरचं काय?

खरं सांगते, गेले दोन महिने मला इतकी गाढ झोप लागतेय की सकाळी दूधवाला बेल वाजवून वाजवून कंटाळतो. कारण? नवी गादी! आजीकडे पिंजारी यायचा, जुना कापूस पिंजून गादी पुन्हा भरून द्यायचा. माझी गादी मात्र खोक्यातून गुंडाळून आली. वर शंभर रात्रींची मुदत. नाही आवडली तर परत!

मी एवढी खूश, की वाटलं गादीवाल्या कंपनीचा शेअरच घेऊन टाकावा. उशिरा येणाऱ्या चेकमधून वाचवून वाचवून साठ हजार साठवले होते, नव्या लॅपटॉपसाठी. म्हटलं, आधी दुप्पट करू, मग लॅपटॉप घेऊ. सॉलिड आयडिया!

माझा मावसभाऊ सीए आहे. त्याला फोन केला, तर म्हणाला, "झोप चांगली लागते म्हणून शेअर घेतेस? आधी कॅस्परचे आकडे बघ."

कॅस्पर ही न्यूयॉर्कची कंपनी. २०१४ मध्ये सुरू झाली. खोक्यातली गादी, ऑनलाइन विक्री, शंभर रात्रींची ट्रायल; तरुण मंडळी फिदा. २०१९ मध्ये गुंतवणूकदारांनी तिची किंमत १.१ अब्ज डॉलर ठरवली होती. २०१८ची विक्री सुमारे ३५.८ कोटी डॉलर, आदल्या वर्षापेक्षा ४० टक्क्यांहून जास्त. मी म्हटलं, "मस्तच की!"

"आता शंभर डॉलरच्या विक्रीचा हिशेब मांड," दादा म्हणाला.

मांडला. गादी बनवण्याचा वगैरे थेट खर्च वजा जाता उरले ४४. हे ग्रॉस मार्जिन, आणि ते काही वाईट नाही. पण त्यातले ३५ गेले जाहिरात आणि मार्केटिंगवर. उरलेल्या ९मधून पगार, ऑफिस, बाकी सगळं भागवायचं. ते कुठलं भागतंय! शेवटी शंभरामागे जवळजवळ २६ डॉलरचा तोटा. म्हणजे विक्री वाढत होती आणि तोटाही वाढत होता. शेअरची किंमत भागिले प्रति शेअर नफा म्हणजे पी/ई. पण इथे नफाच नाही, तर पी/ई काढणार कसला?

फेब्रुवारी २०२०मध्ये शेअर १२ डॉलरला बाजारात आला. त्या भावाने कंपनीची किंमत आधीच्या निम्म्याहूनही कमी भरत होती. जानेवारी २०२२मध्ये एका गुंतवणूक कंपनीने शेअरमागे ६.९० डॉलर देऊन ती बाजारातून काढून घेतली. १२ला घेऊन शेवटपर्यंत धरून बसलेल्याचे चाळीस टक्क्यांहून जास्त पैसे गेले. गादीबद्दल मात्र त्याची काहीच तक्रार नसेल!

आपल्याकडे स्लीपवेलवाली शीला फोम २०१६पासून शेअर बाजारात आहे. तिने २०२३मध्ये कर्लऑनचा बहुतांश हिस्सा दोन हजार कोटींहून जास्त मोजून घेतला. अशी मोठी खरेदी दिसली की दादाचे दोन प्रश्न असतात. कर्ज किती वाढलं? आणि स्वतःचं अधिक कर्जाचं मिळून जे भांडवल गुंतलंय, त्यावर कंपनी वर्षाला किती टक्के कमावते? या दुसऱ्या आकड्याला आरओसीई म्हणतात. तो एका वर्षाचा नाही, पाच वर्षांचा बघायचा. खरेदीनंतर तो घसरला आणि सावरलाच नाही, तर सौदा महाग पडला म्हणायचा.

शेवटचा आकडा धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेल्या रोख रकमेचा. नफा कागदावर असतो, रोकड बँकेत. बिल पाठवलं म्हणजे चेक आला असं नसतं, हे फ्रीलान्सरला कोणी वेगळं शिकवायला नको!

सध्या मी दोन कंपन्यांचे पाच-पाच वर्षांचे वार्षिक अहवाल उतरवून घेतलेत. रोज रात्री त्याच गादीवर लोळत वाचते. साठ हजार अजून बँकेतच आहेत. गादी शंभर रात्रींत परत करता येते हो, शेअर घेतल्यावर तशी सोय नाही.