मोबाईल शिकवतो, पण ऐकतो कोण?

गिटार आता आष्ट्यात घरपोच येते. शिकवणारा शोधायचा म्हटलं की मात्र बहुतेकांना सांगलीची एसटी आठवते. कॉलेज, सबमिशन आणि त्यात हा प्रवास, असं किती दिवस जमणार? म्हणून आपण यूट्यूब उघडतो. यात गैर काहीच नाही. अडचण एवढीच, की मोबाईल शिकवतो पण तुमचं वाजवणं ऐकत नाही.

आधी गुरू एकच निवडा. जस्टिन सँडरको या टास्मानियाच्या गिटारवादकाची 'जस्टिनगिटार' ही वेबसाइट 2003 पासून चालू आहे. नवशिक्यांसाठीचे धडे फुकट आहेत आणि मुख्य म्हणजे क्रमाने आहेत. त्यातला एक सराव तर कमालीचा साधा आहे. एका मिनिटात दोन कॉर्डमध्ये किती वेळा अदलाबदल होते ते मोजायचं आणि आकडा वहीत लिहायचा. आज 18, पुढच्या आठवड्यात 25. दोनशे व्हिडिओ 'सेव्ह' करून ठेवण्यापेक्षा हा आकडा तुम्हाला खरं काय ते सांगेल.

ट्यूनरसाठी 'गिटारट्यूना'सारखं अॅप पुरेसं आहे. पण सगळ्या तारा त्याच्या भरवशावर लावू नका. पाचवी तार अॅपवर लावा आणि बाकीच्या कानाने जुळवा. जाड तारेचा पाचवा पडदा दाबला की पुढच्या मोकळ्या तारेचा सूर मिळतो. फक्त तिसरीवरून दुसरी लावताना चौथा पडदा. सुरुवातीला वैताग येईल. अशा वेळी एखाद्या रविवारी मिरजेला जाऊन या. तिथल्या सतार आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. सतारमेकरांच्या दुकानात तानपुऱ्याची जवारी कशी लावतात, ते नुसतं उभं राहून बघा. तिथे सगळा भरवसा कानावर असतो. आपल्या इतक्या जवळ ही विद्या आहे आणि आपण मोबाईलवरचा हिरवा दिवा लागायची वाट बघत बसतो!

कॉर्डसाठी सगळे 'अल्टिमेट गिटार'वर जातात. तिथलं बरंचसं तुमच्या-आमच्यासारख्यांनीच टाकलेलं असतं, त्यामुळे एकाच गाण्याच्या दोन-तीन आवृत्त्या ताडून बघा. मराठी गाण्यांचे कॉर्ड मुळात कमी आणि जे मिळतात त्यातही चुका बऱ्याच. 'कॉर्डिफाय' गाणं ऐकून कॉर्ड काढून देतं, पण तो अंदाजच समजा. मग करायचं काय? यूट्यूबचा वेग 0.5 वर आणा, सूर तोच राहतो. खालचा जाड आवाज, म्हणजे बेस, कानाने पकडा आणि जाड तारेवर शोधा. तो सापडला की कॉर्ड निम्मा सापडला. एका गाण्याला अख्खी संध्याकाळ जाईल, जाऊ दे. शब्दांवर कॉर्ड लिहून तो कागद मित्रांच्या ग्रुपवर टाका. पुढच्या पोराची एक संध्याकाळ वाचेल.

आता राहिला ऐकण्याचा प्रश्न. दर रविवारी एकच गाणं मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि महिन्याने पहिलं रेकॉर्डिंग लावा. ताल कुठे पळतो ते लगेच कळतं. त्याहून बरं म्हणजे हॉस्टेलवर दुसरा कोणीतरी वाजवणारा गाठा. चुकलं की तो तोंडावर सांगेल, आणि तेही फुकट.

पैसे देऊन सबस्क्रिप्शन घ्यायची घाई नको. त्या पैशात कॅपो आणि तारांचे दोन जादा संच येतात. पावसाळ्यात तारा लवकर गंजतात, आणि पहिली तार तुटते ती नेमकी रविवारी रात्री, दुकानं बंद झाल्यावर.