चुना आणि सुपारी

पाहुणा म्हणून यावे आणि घरमालक होऊन बसावे, ही कला फक्त पोटभाडेकरूंनाच साधते असे नाही. खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत प्रवाळ पाळणाऱ्या मंडळींना विचारा. हौसेने खडकाचा तुकडा विकत आणावा, तर त्याच्या भोकात बसून एक समुद्रफूल फुकट येते. फुकट आलेले घराबाहेर काढणे किती अवघड, हे ज्यांच्याकडे लांबचे मेहुणे मुक्कामाला आले आहेत त्यांना सांगायला नको.

या फुकट्यांत दोन घराणी प्रमुख. पहिले ऐप्टेसिया. तपकिरी, काचेसारखे आरपार अंग, उंच देठ, वर दोऱ्यासारखे लांब टोकदार हात. जरा धक्का लागला की भोकात गुडुप. दुसरे मजानो. हे बुटके, हात आखूड आणि टोकाशी फुगीर, पुष्कळदा हिरवट. दिसायला देखणे, म्हणून काही जण त्याला कौतुकाने वाढवतातही! दोघांच्याही हातांत डंख असतो. शेजारच्या प्रवाळाला भाजून काढायचे आणि त्याची जागा बळकवायची, हा दोघांचा धंदा.

तरीही माझे भांडण या फुलांशी नाही. माझे भांडण आहे उपायवाल्यांशी.

यांतली पहिली जात चिमटेवाल्यांची. "त्यात काय एवढं? उपटून टाका!" अहो, ते काय अंगणातले गवत आहे? ऐप्टेसियाच्या पायाचा एवढासा कण खडकावर राहिला, तरी त्यातून नवा सबंध प्राणी उभा राहतो. आज एक उपटा, पुढे चार मोजा. शिवाय या उत्साहात बळी कोणाचा जातो? पिसाऱ्याच्या किड्याचा. तोही धक्का लागताच आत शिरतो, पण तो स्वतःच्या नळीत राहतो आणि कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. तेव्हा आधी नीट पाहा: देठ आहे की नळी? फाशी देण्यापूर्वी निदान आरोपीचे नाव तरी विचारावे.

दुसरी जात "मासा आणा"वाल्यांची. माझा खरा राग यांच्यावर. न्यू जर्सीला मुलीकडे सहा महिने होतो, तेव्हा जावईबापूंच्या पेटीत ऐप्टेसिया माजला. दुकानदाराने औषध दिले कॉपरबँड बटरफ्लाय नावाचा मासा. लांब चोच, अंगावर तांबूस पट्टे, मोठा रुबाबदार! पण तो फुलांकडे ढुंकून पाहीना आणि दिलेले खाणेही शिवेना. हा मासा त्यासाठी प्रसिद्धच आहे. नव्या घरी पुष्कळदा अन्नच सोडतो.

"बाबा, औषध लागू पडत नाहीये," जावईबापू म्हणाले.

"अहो, औषधच उपाशी आहे!" मी म्हटलं.

बाराव्या दिवशी औषध वारले. ऐप्टेसिया टुणटुणीत होता.

तुम्ही म्हणाल, मोठ्याने लहानाला खावे हा सृष्टीचा नियमच आहे. कबूल! पण समुद्रात हे फूल नाही तर पुढचे फूल असते. पेटीत पुढचे काहीच नसते. बर्गिया नावाची समुद्री गोगलगाय तर ऐप्टेसियाखेरीज काहीच खात नाही. इमानेइतबारे सगळा फडशा पाडते, आणि मग बक्षीस म्हणून उपासमार! काम संपल्यावर ती कोणाच्या पेटीत पाठवायची हे ठरलेले नसेल, तर तिला आणू नये. पेपरमिंट कोळंबी कधी काम करते, कधी नाही. आणि तिच्या नावाखाली पाठीला कुबड असलेली दुसरीच कोळंबी गळ्यात पडली, तर ती प्रवाळच कुरतडते.

मग करायचे काय? मराठी माणसाने हे विचारावे याचे नवल वाटते. चुना! कॅल्कवासर या भारदस्त जर्मन नावाने विकतात, त्याचा अर्थ नुसता चुन्याचे पाणी. पंप बंद करावा, चुन्याची शुद्ध भुकटी दाट कालवून सिरिंजमध्ये भरावी आणि फुलाला न दचकवता हलकेच त्याच्या तोंडावर सोडावी. एका वेळी दोनचारच. कारण चुन्याने सबंध पेटीचे पाणी बिघडते. हातमोजे घालावेत, डोळे जपावेत. माशांना जेवणावळी घालणे बंद करावे, उरलेसुरले हेच फुकटे खातात. उपासाने ते मरत नाहीत, अंगातले शेवाळ उजेडावर त्यांना पोसते. पण माज कमी होतो. आणि नवा खडक काही आठवडे वेगळ्या भांड्यात ठेवावा.

एवढे करून जो उरेल त्याचा फार द्वेष करू नये. प्रवाळ आणि शेवाळ यांचा संसार का मोडतो, हे समजण्यासाठी शास्त्रज्ञ हाच ऐप्टेसिया प्रयोगशाळेत मुद्दाम वाढवतात. 2015 मध्ये त्याचा सगळा जनुकसंच वाचून प्रसिद्ध झाला. आपल्याकडे तो उपद्रवी, तिथे मानकरी.

मारायचेच असेल, तर आपल्या हाताने मारावे. चुना स्वतः लावावा. मुक्या जिवाला सुपारी देऊ नये.