मुंजाला विज्ञानकथेत घ्या!

विज्ञानकथेत भुताखेतांना थारा नको, असे आमचे काही पंडित बजावतात. का बरे? नॉर्वेच्या लोककथांतले ट्रोल नावाचे राक्षस उन्हात दगड होतात. अमेरिकन लेखक पोल अँडरसनने १९६१ च्या कादंबरीत असाच एक राक्षस आणला. त्याच्या सोन्याला शाप होता. इंजिनिअर नायकाने शापाचे कारण सांगितले, किरणोत्सर्ग! नारळीकरांनीही १९७९ च्या विज्ञानकथासंग्रहाला ‘यक्षांची देणगी’ हेच नाव दिले.

आमच्या माण गावात संगणकाच्या कचेऱ्या उभ्या राहिल्या, तरी पिंपळावरच्या मुंजाचे नाव काढताच वर्ग चिडीचूप होतो. त्या मुलांना ‘मुंजा नाही’ एवढे सांगून भागत नाही. ‘असलाच, तर कोणत्या नियमाने?’ हे विचारायला शिकवा. हाकलल्याने भूत जात नाही. प्रश्न विचारल्याने जाते.