आर्डनाक्रुशा: फिरती टर्बाइने आणि निसटलेली माणसे

१/ आयर्लंडमधील लिमरिक शहराच्या उत्तरेस, क्लेअर परगण्यात, आर्डनाक्रुशाचे जलविद्युतगृह १९२९ पासून आजतागायत वीज निर्माण करीत आहे. औद्योगिक वारशाचा विचार सहसा यंत्रे थंडावल्यावर सुरू होतो. येथे ती फिरत असतानाच वारसा ठरली. मात्र या वारशात नेमके कोणाला स्थान मिळाले, हे तपासून पाहण्याजोगे आहे.

२/ यादवी युद्ध १९२३ मध्ये संपले, तेव्हा आयरिश मुक्त राज्याच्या तिजोरीत खडखडाट होता. टॉमस मॅक्लॉक्लिन हा तरुण अभियंता बर्लिनमध्ये सीमेन्स-शुकर्ट कंपनीत काम करीत होता. शॅनन या देशातील सर्वांत लांब नदीवर वीज निर्माण करून ती सगळ्या देशाला पुरवावी, ही कल्पना त्याने सरकारच्या गळी उतरवली. ऑगस्ट १९२५ मध्ये त्याच कंपनीशी करार झाला. खर्च सुमारे ५२ लाख पौंड, म्हणजे सरकारच्या वार्षिक महसुलाच्या जवळपास पाचवा हिस्सा. हे धाडस होते, यात वाद नाही.

३/ योजनेमागची युक्ती साधी, पण विलक्षण आहे. डर्ग सरोवरातून बाहेर पडलेली शॅनन लिमरिकपर्यंत सुमारे ३० मीटर खाली उतरते. हा विखुरलेला उतार एका जागी गोळा करण्यासाठी पार्टीन येथे बंधारा घालून नदीचे बहुतांश पाणी साडेबारा किलोमीटर लांबीच्या कालव्यात वळवले. उंच मातीच्या भरावांमधून ते जवळपास त्याच पातळीवर आर्डनाक्रुशापर्यंत आणले आणि तेथे एकदम खाली सोडले. आरंभी तीन फ्रान्सिस टर्बाइने होती. काही वर्षांनी चौथे, काप्लान पद्धतीचे, बसवण्यात आले.

४/ आता मजुरांकडे वळू. ऐन भरात असताना या कामावर सुमारे पाच हजार माणसे होती. अकुशल मजुराला आठवड्याला ३२ शिलिंग मिळत. आसपासच्या शेतमजुरीकडे बोट दाखवून सरकारने या दराचे समर्थन केले. १९२५ च्या शरदात संप झाला. पण देशात बेकारी इतकी होती की तो टिकला नाही. छावणीतल्या बराकी अपुऱ्या पडल्या, तेव्हा कित्येक मजूर गोठ्यांत, तबेल्यांत, अगदी डुकरांच्या खुराड्यांतही राहिले. ही ऐकीव कहाणी नव्हे. खुद्द आयरिश संसदेत त्यावर चर्चा झाली होती.

५/ दुसरी किंमत नदीने मोजली. कॅसलकॉनेलजवळचे डूनासचे खळाळ सामन माशांसाठी युरोपभर प्रसिद्ध होते. पाणी कालव्यात गेले आणि तेथे क्षीण प्रवाह उरला. लिमरिकच्या ॲबी भागातले कोळी पिढ्यान्‌पिढ्या या नदीवर जगत आले होते. त्यांचा व्यवसाय मोडला. १९३५ च्या कायद्याने शॅननची मासेमारी वीजमंडळाच्याच हाती गेली. माशांना वर चढवणारी पाळणावजा यंत्रणा आर्डनाक्रुशाला बसली ती १९५९ मध्ये, उद्घाटनानंतर तीस वर्षांनी!

६/ मग जपले काय गेले? वीजगृह, पूल, नकाशे, छायाचित्रे. शॉन कीटिंग या चित्रकाराने बांधकामाच्या जागी जाऊन काढलेली चित्रेही. २००२ मध्ये विद्युत आणि स्थापत्य अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनी या प्रकल्पाचा गौरव केला. तो सर्वस्वी योग्यच होता. परंतु गौरव झाला तो आराखड्याचा. बराकी, बांधकामापुरते टाकलेले रेल्वेमार्ग, मजुरांची वस्ती हे सारे मुळातच तात्पुरते होते. काम संपताच उचलले गेले. जे टिकाऊ बांधले तेच वारसा ठरले, आणि टिकाऊ काय बांधायचे हे मजुरांनी ठरवले नव्हते.

७/ नव्या, गरीब राज्यापुढे दुसरा पर्याय नव्हता, असा युक्तिवाद नेहमी होतो. त्यात तथ्यही आहे. राष्ट्रीय वीजजाळ्याचा पाया येथेच घातला गेला. पण पर्याय नव्हता म्हणून किंमत सांगायचीच नाही, हे इतिहासाचे काम नव्हे. यंत्राची देखभाल मंडळ करीलच, कारण त्यातून वीज मिळते. गोठ्यातल्या बिऱ्हाडांच्या आणि कोळ्यांच्या आठवणींतून कोणालाच वीज मिळत नाही. म्हणून संसदेतील वादविवाद, तत्कालीन वृत्तपत्रे आणि कोळी कुटुंबांकडील कागद हे टर्बाइनांच्या आराखड्यांशेजारीच ठेवले पाहिजेत.

८/ आर्डनाक्रुशा पाहायला येणाऱ्यांना सहसा वीजगृह दाखवले जाते. त्यांना आधी कॅसलकॉनेलच्या काठावर न्यावे. तेथे जुन्या पात्रात आज सेकंदाला किमान दहा घनमीटर पाणी सोडले जाते. उरलेली शॅनन कालव्यातून जाते.