वेगाला दाद, पण संघात जागा?

अमेरिकेतील व्यावसायिक फुटबॉलमध्ये ऑगस्टचा अखेरचा आठवडा निष्ठुर असतो. नॅशनल फुटबॉल लीग अर्थात एनएफएलमधील ३२ संघ प्रत्येकी ९० खेळाडूंपर्यंत मजल मारून सराव शिबिरे भरवितात आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी ही संख्या ५३ वर आणतात. पूर्वी ही छाटणी टप्प्याटप्प्याने होत असे. २०२३ पासून ती एकाच मुदतीत उरकली जाते. शिबिरे पूर्ण भरलेली असतील तर जवळपास ११८४ जणांच्या हाती एकाच वेळी नारळ पडतो. या गर्दीत दरवर्षी हमखास चर्चा होते ती एखाद्या तरुण, वाऱ्यासारख्या धावणाऱ्या ‘वाइड रिसीव्हर’ची. क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू दूरवर धावत जाऊन झेलणे, हे त्याचे काम. पाय असे असताना त्याला संघात जागा कशी मिळणार नाही, असा सवाल प्रेक्षक करतात. जागांचे गणित मात्र निराळेच असते.

वेग मोजण्याचे परिमाण ठरलेले आहे. इंडियानापोलिसमध्ये दरवर्षी होणाऱ्या चाचणीत नवोदितांना ४० यार्ड, म्हणजे सुमारे साडेछत्तीस मीटर, सरळ रेषेत धावावे लागते. झेवियर वर्दी याने २०२४ मध्ये ४.२१ सेकंदांची नोंद करून तेथील विक्रम केला. त्याआधीचा ४.२२ सेकंदांचा विक्रम २०१७ मध्ये जॉन रॉसने केला होता. त्याच जोरावर सिनसिनाटी बेंगल्सने रॉसला निवडीच्या पहिल्या फेरीत, एकूण नवव्या क्रमांकावर घेतले. पहिल्या हंगामात त्याच्या नावावर एकही झेल लागला नाही. पुढे दुखापतींनीही त्याची पाठ सोडली नाही. त्याच वर्षी ४.६२ सेकंद घेणारा कूपर कप थेट ६९ व्या क्रमांकावर निवडला गेला. २०२१ च्या हंगामात कपने १४५ झेल आणि १९४७ यार्ड अशी कामगिरी केली. फेब्रुवारी २०२२ मधील ‘सुपर बोल’ लढतीत लॉस एंजेलिस रॅम्सने २३-२० असा विजय मिळविला, तोही कपच्या निर्णायक टचडाउनमुळे. पराभूत संघ होता रॉसला निवडणारा बेंगल्स!

याचा अर्थ वेग निरर्थक आहे, असा नव्हे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये १०० मीटर शर्यतीचे सुवर्णपदक जिंकणारे बॉब हेज पुढे डॅलस काउबॉइजकडून खेळले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यांना बचावाची रचनाच बदलावी लागली. वेगवान खेळाडूच्या भीतीने बचावपटू मागे सरकतात आणि इतरांना मोकळी जागा मिळते. परंतु चाचणीत अंगावर कोणी येत नाही. सामन्यात पहिल्याच पावलाला बचावपटू छातीवर हात टाकून अडवितो. ठरलेल्या पावलावर वळावे लागते, कारण क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तो खेळाडूकडे पाहून नव्हे, तर तो जेथे पोहोचणार त्या जागेकडे. ती जागा चुकली, की वेग प्रतिस्पर्ध्याच्या उपयोगी पडतो.

टायक्वान थॉर्नटनची वाटचाल या दृष्टीने बोलकी आहे. २०२२ च्या चाचणीत त्याने ४.२८ सेकंदांची नोंद केली. त्याला मिळविण्यासाठी न्यू इंग्लंड पॅट्रियट्सने कॅन्सस सिटी चीफ्सशी सौदा करून त्यांचा ५० वा क्रमांक घेतला. चीफ्सने बदल्यात आलेल्या ५४ व्या क्रमांकावर स्काय मूर या रिसीव्हरलाच निवडले. थॉर्नटनचा खांदा पहिल्याच हंगामाच्या तोंडावर दुखावला. पुढे अडीच हंगामांत ३९ झेल आणि ३८५ यार्ड एवढीच त्याची पुंजी जमली, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅट्रियट्सने त्याला सोडले. त्याला आसरा दिला तो चीफ्सनेच. पण सराव पथकात.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये त्याची शक्यता जोखताना तीन प्रश्न महत्त्वाचे होते. पहिला, जागा किती? साधारणतः पाच-सहा रिसीव्हर ठेवले जातात. पहिल्या तिघांची नावे ठरलेली असतात. झुंज उरलेल्या दोन-तीन जागांसाठी असते. दुसरा, हाताशी दुसरे काम आहे का? राखीव रिसीव्हरला किक परतविणे वा अडविणे यांवर पोट भरावे लागते. २०१६ मध्ये पाचव्या फेरीत आलेला टायरिक हिल आधी चमकला तो चेंडू परतविणारा म्हणूनच. २०२४ च्या नव्या किकऑफ नियमामुळे या कौशल्याला पुन्हा भाव आला. पण चीफ्सकडे त्यासाठी निको रेमिजिओ होता. तिसरा, संघाची निकड कोणती? येथे थॉर्नटनचे पारडे जड झाले. खोलवर धावणाऱ्याची पॅट्रिक महोम्सला गरज होती आणि राशी राइसवर सुरुवातीच्या सहा सामन्यांची बंदी आली. थॉर्नटन ५३ जणांत राहिला. मूरची मात्र त्याच महिन्यात सॅन फ्रान्सिस्कोला रवानगी झाली. पहिल्याच सामन्यात वर्दीचा खांदा निखळला, संधी थॉर्नटनकडे चालून आली आणि पुढच्या काही सामन्यांत त्याने टचडाउनही नोंदविले.

या सीमारेषेवर डाव मोठा असतो. २०२५ मध्ये ५३ जणांतील नवोदिताचे किमान वार्षिक वेतन ८ लाख ४० हजार डॉलर होते. सराव पथकातील नवोदिताला आठवड्याला १३ हजार डॉलरपासून सुरुवात. चार हंगाम पूर्ण न केलेल्या खेळाडूला वगळले, की उरलेले ३१ संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात. त्यामुळेच वेगवान तरुणाला सोडताना प्रशिक्षकाचा हात जरा अडखळतो. तो अन्यत्र फुलला तर, ही धास्ती असते.

तात्पर्य, वेगाचा उपयोग शिबिराचे दार उघडण्यापुरता आणि चुका झाल्यावर दुसरी संधी मिळविण्यापुरता निश्चित आहे. त्यापुढे हिशेब विश्वासाचा आहे: ठरलेल्या क्षणी, ठरलेल्या जागी हा तरुण असेल का? या प्रश्नाचे उत्तर सरावात रोज ‘होय’ असे देणाऱ्याचेच नाव यादीत टिकते.