मतें मोजावयाचीं कीं आवाज?

नागपुरास विधिमंडळाचें हिवाळी अधिवेशन भरलें म्हणजे वर्तमानपत्रांचे रकाने कशानें भरतात, हें आमच्या वाचकांस सांगावयास नको. अमक्यानें सभात्याग केला, तमक्यानें पायऱ्यांवर घोषणा दिल्या, एकानें दुसऱ्यास टोमणा मारला, सभागृह दोनदां तहकूब झालें, हें सारें साग्र छापून येतें. परंतु त्या दिवशीं किती रकमेच्या मागण्या मंजूर झाल्या, त्यांवर किती वेळ चर्चा झाली आणि आपल्या सभासदानें कोणत्या बाजूस मत दिलें, असें नेरच्या बाजारपेठेंत कोणास विचारलें तर छातीठोक उत्तर मिळणार नाहीं. हा दोष विचारल्या गेलेल्या गृहस्थाचा नव्हे. ज्या मताची नोंदच होत नाहीं, तें मत त्यास कळावें कसें? आमच्या मतें आजच्या विधिमंडळाच्या कारभारांतील खरी उणीव हीच आहे. आणि ती किती मोठी आहे हें समजावयाचें असेल, तर याच नागपुरांत एक शतकापूर्वीं घडलेल्या एका दिवसाकडे पाहिलें पाहिजे.

१९१९ च्या कायद्यानें प्रांतांस जी राज्यपद्धति मिळाली, तिला द्विदल पद्धति म्हणत. वसुली, पोलीस, न्याय हीं वजनदार खातीं ‘राखीव’ म्हणून गव्हर्नर व त्यांचे कार्यकारी सभासद यांच्या हातीं राहिलीं. शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य, शेती हीं ‘सोंपीव’ खातीं मंत्र्यांच्या गळ्यांत घातलीं गेलीं. तिजोरीची किल्ली एकाकडे आणि लोकांच्या तक्रारी ऐकण्याचें काम दुसऱ्याकडे, अशी ती वांटणी होती. त्यांतही वऱ्हाडची स्थिति अधिकच चमत्कारिक. १९०२ च्या करारानें वऱ्हाड निजामाकडून कायमच्या पट्ट्यानें घेतलेलें. कायद्याच्या दृष्टीनें तें ब्रिटिश मुलूखच नव्हे. म्हणून यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा या जिल्ह्यांतील मतदारांनीं आपले प्रतिनिधि रीतसर निवडून द्यावे आणि मग गव्हर्नरांनीं त्यांचीच ‘नेमणूक’ करावी, असा उपचार करावा लागे. मताधिकार तर जमीन, सारा, प्राप्तीवरील कर अशा कसोट्यांनीं बांधलेला होता. कष्टकरी माणसाचें नांव मतदारांच्या यादींत शोधूनही सांपडावयाचें नाहीं.

अशा लंगड्या कौन्सिलांत १९२३ च्या अखेरीच्या निवडणुकीनें स्वराज्य पक्षाचें बहुमत आणून बसविलें. मध्यप्रांत-वऱ्हाडांत या पक्षाचे धुरीण डॉक्टर मुंजे होते आणि गव्हर्नर होते सर फ्रँक स्लाय. १८ जानेवारी १९२४ रोजीं मंत्र्यांवर अविश्वास दाखविणारा ठराव मतास टाकला गेला. ठरावाच्या बाजूनें ४४ आणि विरुद्ध २४ अशीं मतें पडलीं. पुढें मार्चांत अंदाजपत्रक आलें. कौन्सिलानें त्यांतील मागण्या नाकारल्या आणि मंत्र्यांचा पगार सालिना दोन रुपये ठरविला. दोन रुपये पगार देऊन त्यांनीं मंत्र्यांची थट्टा केली असें कोणी म्हणेल; आमच्या मतें थट्टा मंत्र्यांची नव्हती, ज्या पद्धतीनें त्यांस मंत्री म्हणविलें त्या पद्धतीची होती. अखेर मंत्र्यांस पदें सोडावीं लागलीं आणि सोंपीव खातीं गव्हर्नरांनीं आपल्या हातीं घेतलीं. त्याच सुमारास बंगालच्या कौन्सिलांतही देशबंधु दासांच्या पक्षानें मंत्र्यांचे पगार अवघ्या एका मताच्या फरकानें उडवून लावले होते.

यावर त्या वेळींही एक आक्षेप होता आणि तो आम्ही झाकून ठेवूं इच्छित नाहीं. राखीव खात्यांच्या नाकारलेल्या रकमा गव्हर्नर आपल्या सहीनें परत बसवूं शकत होते, आणि त्यांनीं त्या बसविल्या. मग या मतदानानें साधलें काय? उलट, सोंपीव खात्यांचा गाडा केवळ जुन्या पायरीवर ढकलला गेला, म्हणजे नव्या शाळा व नवे दवाखाने यांची वाट अडली, ती लोकांचीच. हा आक्षेप पोकळ नाहीं. परंतु त्या मतानें एक गोष्ट कायमची सिद्ध केली. सरकार लोकमतानें चालत नसून एका माणसाच्या सहीनें चालतें, हें त्या दिवशीं सरकारच्याच दप्तरांत, आंकड्यांनिशीं लिहिलें गेलें. शंभर व्याख्यानांनीं जें झालें नसतें तें ४४ व २४ या दोन आंकड्यांनीं केलें.

दुसरें असें कीं, मत उघड असल्यामुळें सभासदांस त्याचा जाब द्यावा लागला. १९२५ च्या ऑक्टोबरांत कौन्सिलाचे अध्यक्ष, अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे यांनीं कार्यकारी मंडळांतील जागा पत्करली, तेव्हां पक्षांत मोठें वादळ उठलें. पंडित मोतीलाल नेहरूंनीं तें कृत्य निंद्य ठरविलें. केळकर, जयकर, मुंजे, आणि आमच्या जिल्ह्याचे बापूजी अणे यांनीं ‘प्रतियोगी सहकारिते’ची बाजू उघडपणें मांडली. कोण बरोबर होतें याचा निवाडा आम्ही येथें करीत नाहीं. १९२६ च्या निवडणुकींत मतदारांनीं आपल्यापुरता निवाडा केला आणि स्वराज्य पक्षाचें तें बहुमत राहिलें नाहीं. सांगण्याचा मुद्दा इतकाच कीं, कोण कोठें उभा आहे हें मतदारास स्पष्ट दिसत होतें, म्हणून त्यास निवाडा करतां आला. याच अण्यांनीं १९३० च्या जुलैंत पुसदास जंगल सत्याग्रह केला, तोही चारचौघांसमोर आणि शिक्षा पत्करून. सभागृहांत असो वा जंगलांत, आपली बाजू लपवावयाची नाहीं ही त्या पिढीची शिस्त होती.

आतां आजची स्थिति पाहा. गव्हर्नरांची ती सही गेली. १९५१-५२ च्या निवडणुकीपासून प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषास मत मिळालें. राज्यघटनेच्या २०३ व्या कलमान्वयें विधानसभेच्या संमतीवांचून खात्याची कोणतीही मागणी मंजूर होऊं शकत नाहीं. सभेनें ती कमी केली तर ती कमी होते, नाकारली तर नाकारली जाते. जो अधिकार १९२४ च्या सभासदांनीं स्वप्नांत पाहिला, तो आजच्या सभासदांच्या मुठींत आहे. आणि तो वापरला कसा जातो? चर्चेची मुदत संपतांच उरलेल्या मागण्या एकामागून एक पुकारल्या जातात. ‘होय’ म्हणणाऱ्यांचा आवाज मोठा असें अध्यक्ष जाहीर करतात. आणि अब्जावधि रुपये घशाच्या जोरावर मंजूर होतात. पूर्वीं सभेस सत्ता नव्हती, पण मतें मोजलीं जात; आतां सत्ता आहे, पण मोजणीचा कंटाळा आहे!

शिरगणतीची रीत आमच्या विधानसभेस ठाऊक नाहीं असें मात्र कोणी समजूं नये. ४ जुलै २०२२ रोजीं विश्वासदर्शक ठरावावर १६४ विरुद्ध ९९ अशी गणती झाली. त्यापूर्वीं २०१९ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें याच सभागृहांत बहुमताची परीक्षा गुप्त मतदानानें नव्हे तर उघडपणें व्हावी असा आदेश दिला होता. आणि त्याच्याही आधीं, १९९४ च्या बोम्मई खटल्यांत, बहुमताची कसोटी राजभवनांत नव्हे तर सभागृहांतच लागली पाहिजे हें तत्त्व त्या न्यायालयानें घालून दिलें. इतकें असूनही १२ नोव्हेंबर २०१४ रोजीं, ज्या पक्षास स्वतःचें बहुमत नव्हतें त्याच्या मंत्रिमंडळावरील विश्वासाचा ठराव आवाजी मतदानानें संमत झाल्याचें जाहीर करण्यांत आलें आणि विरोधकांनीं त्यावर गदारोळ केला. आज त्या वेळच्या दोन्ही बाजूंच्या पक्षांनीं जागा बदलल्या, मित्र बदलले, कांहींचीं तर नांवें व चिन्हेंही दुभंगलीं. म्हणून आम्ही कोणा एका पक्षास दोष देत बसत नाहीं. खुर्ची डळमळली कीं शिरें मोजावयाचीं आणि प्रजेचा पैसा खर्च करतांना मात्र आवाजावर भागवावयाचें, ही रीत सर्वांनीं मिळून चालविली आहे.

आमच्या व्यापारी वाचकांस ही गोष्ट त्यांच्याच धंद्यावरून उमजेल. कापसाची गाडी बाजार समितींत आली म्हणजे बोली सर्वांदेखत होते, वजन कांट्यावर होतें आणि शेतकऱ्याच्या हातीं कांटापट्टी पडते. एखादा अडत्या जर म्हणाला, “वजन कशास? ढीग मोठा दिसतो आहे, दहा क्विंटल धरून चाला,” तर शेतकरी त्यास दुसऱ्या दिवशीं दारांत उभा करील काय? एका गाडीच्या वजनास जी काळजी, ती सबंध राज्याच्या खर्चास नको, असें म्हणणारा शहाणा आम्हांस अजून भेटावयाचा आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येक मागणीवर शिरगणती केली तर काम कधीं संपावयाचें? वेळेची अडचण खरी आहे, पण ती कोणीं निर्माण केली? १९५३ च्या नागपूर करारांत दरवर्षीं विधिमंडळाचें निदान एक अधिवेशन नागपुरास भरेल आणि सरकार कांहीं निश्चित काळ तेथें मुक्काम हलवील असें वचन आहे. १९६० पासून तें अधिवेशन भरत आलें. पण २०२४ चें डिसेंबरांतील अधिवेशन १६ तारखेस बसलें आणि २१ तारखेस उठलें. सहा दिवसांत शोकप्रस्ताव, पुरवणी मागण्या, विधेयकें आणि वऱ्हाड-नागपूरचे सारे प्रश्न! पाहुणा जोडा न काढतां उंबरठ्यावरून परत फिरावा तसें हें झालें. शिवाय आज यंत्राच्या साह्यानें मत नोंदविण्यास मिनिटाहून अधिक वेळ लागण्याचें कारण नाहीं. लोकसभेंत ती सोय कित्येक वर्षांपासून आहे.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. १९८५ सालीं घटनेस दहावें परिशिष्ट जोडून पक्षांतरास बंदी घातली गेली. हेतु चांगला होता. निवडून यावें एका झेंड्याखालीं आणि विकलें जावें दुसऱ्याकडे, हा बाजार थांबावयासच पाहिजे होता. बाजार थांबला नाहीं, हें महाराष्ट्रानें २०२२ व २०२३ सालीं पाहिलें. पण प्रामाणिक सभासदाची जीभ मात्र बांधली गेली. पक्षादेश मोडला तर सभासदत्व जावयाचें. मग कालव्याच्या वा कापसाच्या प्रश्नावर स्वतःच्या मतदारसंघाचें हित वेगळें असलें तरी त्यानें तोंड उघडावें कसें? १९९० सालीं दिनेश गोस्वामी समितीनें सुचविलें होतें कीं, अपात्रतेची ही तलवार सरकारच्या विश्वासाशीं निगडित मतदानापुरतीच ठेवावी. ती सूचना धूळ खात पडली आहे. ती अंमलांत आली तर सरकारें स्थिर राहतील आणि सभासदही मोकळे होतील.

एकमताच्या ठरावांविषयींही सावध राहणें बरें. १ ऑक्टोबर १९३८ रोजीं याच मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेनें वेगळ्या महाविदर्भाचा ठराव एकमतानें केला. त्यास आतां आठ दशकांहून अधिक काळ लोटला. विदर्भ वेगळा असावा कीं नसावा हा आजचा विषय नव्हे. एकमत झालें म्हणजे काम झालें नव्हे, एवढेंच त्यावरून घेण्यासारखें आहे. ठरावास हात सर्वांनीं लावला, पण तो पुढें नेण्याची जबाबदारी कोणाच्याच नांवावर चढली नाहीं.

तेव्हां आमच्या सूचना तीन आहेत. पहिली, प्रत्येक विधेयकावर व निदान प्रत्येक खात्याच्या मागणीवर नांवनिशीवार मत नोंदलें जावें आणि तें त्याच सायंकाळीं प्रसिद्ध व्हावें. घटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणें सभेची गणसंख्या एक दशांश आहे; म्हणजे २८८ पैकीं २९ सभासद बसले असले तरी सभा चालते आणि त्यांतील १५ जणांच्या होकारानें, २०११ च्या जनगणनेनुसार सवा अकरा कोटींच्या राज्यास कायदा लागूं शकतो. ते पंधरा कोण आणि उरलेले कोठें होते, हें विचारण्याचा हक्क प्रजेस नको काय? दुसरी, पक्षादेशाचें बंधन विश्वासाच्या प्रश्नापुरतें राहावें. या दोन गोष्टी मुंबईस व दिल्लीस व्हावयाच्या आहेत आणि त्यांस वेळ लागेल.

तिसरीस मात्र कोणाच्या परवानगीची गरज नाहीं. नेर, दारव्हा आणि दिग्रस हे तीन तालुके मिळून आमचा दिग्रस मतदारसंघ होतो. अधिवेशन संपलें कीं पंधरा दिवसांच्या आंत, या मतदारसंघांतून जो कोणी निवडून गेला असेल त्यास, तो कोणत्याही पक्षाचा असो, व्यापारी मंडळींनीं, वकिलांनीं, शिक्षकांनीं आणि शेतकऱ्यांनीं मिळून आदरपूर्वक पाचारण करावें. हारतुरे नकोत, मिरवणूक नको. त्यास पांचच प्रश्न लेखी द्यावे: किती दिवस हजर होतां, कोणत्या विधेयकावर बोललांत, कोणत्या मागणीस होकार दिलात, कोणतीस नकार दिलात, आणि कां? उत्तरें लिहून घ्यावीं आणि पुढील निवडणुकीपर्यंत जपून ठेवावीं. ज्यास हे प्रश्न जाचक वाटतील त्यानें, दोन रुपये पगारावर प्रश्न सुटला नाहीं म्हणून मंत्र्यांस घरीं पाठविणारे मतदार व त्यांचे प्रतिनिधि याच मातींत होऊन गेले, हें ध्यानांत ठेवावें. त्यांच्या हातीं अपुरा कायदा होता; आमच्या हातीं पुरा आहे. तो वापरावयाचा कीं आवाज ऐकून माना डोलवावयाच्या, एवढेंच काय तें आतां आम्हांस ठरवावयाचें आहे.